तिसरी रेघ

—आरं तितं नको, तितं नको बसू! त्या पोत्यात कास्टिक हाय. पॅन्टला भोक पडंल आन् मंग गावभर सांगशील, कल्लप्पाकडं गेलो आन् कपडे जाळून आलो. हितं बस, ह्या फळीवर. कुंद्रु, तम्मा, कुंद्रु — बस. नाव कशाला सांगतोस? वळखलं की मी. फाटकातनं आत आलास, रूळ वलांडायच्या आदी थांबून दोन्हीकडं बगितलंस, तवाच वळखलं — ईरप्पाचा शिवपुत्र. तुजा बाप असाच बगायचा, सोता इंजिनाचा डायवर असून. वैरागला मास्तर झालास न्हवं? ऐकलंय मी. बोलत नसलो तरी ऐकतो सगळं. सा वर्सं झाली तुज्या बापाची आन् माजी बोलाचाली बंद हाय, आन् आज सकाळच्या पारी त्याचा ल्योक माज्या दारात. मला काय कळत न्हाय? — खिशात हात घालू नको. राहू दे ते खिशातच. कशाला आलास ते मीच सांगतो. कागद आणलायस. माजी सही पायजे. ते संपातले लोक परत कामावर घेतले, तवापास्नं जो तो जुनं प्रकरण बगलंत मारून हापिसाच्या पायऱ्या झिजवायलाय — माजा बाप निर्दोष होता, माजा काका निर्दोष होता. मंग म्हणलं असशील, आपल्या आप्पानं तरी डाग घिऊन का मरावं? जा कल्लप्पाकडं, पाण्याचं त्यालाच ठाऊक. व्हय का न्हाय? बोलू नको, मी बोलतो. सही मिळणार न्हाय. जानेवारीच्या एकतीसला मी रिटायर हुतोय. दोन महिनं राहिलेत, दोन! आन् आता ह्या वयात मी लिवून देऊ की बाबा त्या दिवशी पाण्याचं असं असं झालं? मला काय येड लागलंय?

चहा घे. घे की. पियाच्या पाण्याचा हाय, ह्या टाकीतल्या न्हाय. ह्या टाकीतलं पाणी इंजिनाचं. — फरक काय म्हंजे? तू मास्तर न्हवं का? पोरांना शिकवत असशील, पाण्याला रंग न्हाय, वास न्हाय, चव न्हाय. खोटं शिकवतोस. आमच्या हितलं हिरीचं पाणी बायलरमदी घाल आन् पंदरा दिस उकळ, मंग कळंल पाण्यात काय काय असतंय. दगूड असतोय, दगूड! पाणी वाफ हून निघून जातंय, दगूड मागं राहतोय, आतल्या नळ्यांना चिकटतोय. जाड थर बसला की आच पाण्याला लागतच न्हाय — कोळसा वाया, नळ्या फुगतात, गळतात, इंजिन रस्त्यात बसतंय. म्हणून हे सगळं — चुना, सोडा, कास्टिक, आन् ते तांबडं टॅनिन, विलायती झाडाच्या सालीचं. हे पाण्यात पडलं की दगूड चिकटत न्हाय, गाळ हून तळाला बसतोय. आन् तो गाळ बायलरच्या खालच्या तोटीतनं वाफेच्या जोरानं भाईर उडवायचा — त्याला आमी ब्लोडाऊन म्हणतो. न्हाय उडवला तर? न्हाय उडवला तर पाणी दाट हुतंय, आन् दाट पाणी दुदावाणी वर येतंय. फेस हुतोय, फेस. हे ध्यानात ठिव. — तीस वर्सं हेच केलं मी. हात बग माजे. ही बोटं बग. चुन्यानं, सोड्यानं कातडी खाल्ली. पगाराला अंगठा उठवायला गेलो तर कारकून म्हणतोय, कल्लप्पा, ठसा उटत न्हाय तुजा, सही शीक. शिकलो. चाळिसाव्या वर्सी सही शिकलो, म्हणून तर आज तुमाला माजी सही मागता येती!

आन् काय मिळालं? डायवर रिटायर झाला की हार घालतात, फोटू काढतात, इंजिनाला केळीचे खुंट बांधतात. पाणीवाल्याला कोण विचारतंय? बायलर चांगला चालला तर डायवर चांगला. बायलर बिगडला तर पाणी वाईट. आता तर डिझेल आलं. परवा एक नवा सायेब आला होता, पोरगाच हाय, गॉगल लावून. ही टाकी बगितली, हा चुन्याचा हौद बगितला, आन् बरोबरच्या माणसाला म्हणला — हे सगळं पाडून टाका, हितं सायकल स्टँड चांगलं हुईल. सायकल स्टँड! मी हितंच उभा होतो. माज्याकडं बगितलंसुदा न्हाय. तीस वर्सं ह्या जागंवर पाणी शिजवलं मी, आन् त्या जागी सायकली लावणार. लावा. माजं काय जातंय.

तुज्या बापानं कदी घरात सांगितलं का, त्याच्या इंजिनामागच्या टेंडरवर, पाण्याच्या टाकीवर, मी काय काढायचो? — सांगितलं असंल. त्यालाच तर कवतिक होतं. ही रीत मीच पाडली ह्या शेडात. इंजिन सुटायच्या आदी हितं माज्या ओट्याजवळ उभं राहायचं, आन् मला तीन कामं. पयलं, बायलरचं पाणी काढून तपासायचं — बाटलीतल्या दवाचे दोन थेंब टाकले की पाणी गुलाबी हुतंय, किती गुलाबी ते बगायचं. दुसरं, टेंडरच्या पाण्यात हिशेबानं दवा टाकायची. तिसरं, तोटी उघडून ब्लोडाऊन. रजिस्टर होतं, पण ते वाचतंय कोण? निम्म्या डायवरांना इंग्रजी येत न्हवतं. मंग मी काय केलं — एक काम झालं की चुन्यात बोट बुडवून टेंडरवर एक रेघ. दुसरं झालं, दुसरी रेघ. तोटी उडवली की तिसरी. डायवर यिऊन रेघा मोजायचा, तीन दिसल्या की चढायचा. तुजा बाप पयल्यांदा बगितला आन् हसला — "कल्लप्पा, माज्या इंजिनाला इबूत लावलीस की रं!" आमी दोघं शिवाचं नाव घेणारी माणसं, कपाळावर तीन आडव्या रेघा, आन् इंजिनावर बी तीन आडव्या रेघा. त्याला लई आवडलं ते. मंग मलाबी आवडलं. तवापास्नं त्याच्या इंजिनाला मी एकेक रेघ ओढली न्हाय. सगळं झालं की तीन बोटं चुन्यात बुडवायची आन् एका दमात — अशी. इबूत लावतात तशी. तुजा बाप टेंडरला हात लावायचा, तोच हात कपाळाला लावायचा आन् चढायचा. बाकीच्यांच्या इंजिनाला रेघा, ईरप्पाच्या इंजिनाला इबूत. तुजी आई, कमलम्मा, डब्यात माज्या नावाची शेंगापोळी निराळी बांधून द्यायची. एक दिस चुकायची न्हाय. — असू दे. ते सगळं संपलं.

बहात्तर साल आठवतंय का तुला? तू सतरा-अठराचा असशील. दुष्काळ. हिरीला तळ दिसायला लागला, आन् जसजसं पाणी खाली गेलं तसतसं मिठावाणी जड हुत गेलं. बायलरला ते पाणी म्हंजे इखच. आन् नेमकं तवाच टॅनिन संपलं. मुंबईला लिवलं, तिकडनं उत्तर — भाईरनं माल आला न्हाय, आहे त्यात भागवा. कशात भागवू? तवा मला तरवड आठवला. आमच्या गावाकडं कातडं कमवणारे लोक तरवडाची साल वापरायचे, ल्हानपणी बगितलं होतं मी, पाणी कसं तांबडं लाल हुतंय ते. म्हणलं तेबी साल, हेबी साल. आन् बग, त्या वर्सी रानात हिरवं म्हणून काय राहिलं न्हवतं, बाभळीसुदा भुंड्या झालेल्या, एक तरवड तेवढा माळावर पिवळाधमक फुलला होता. सुट्टीच्या दिवशी पोतं घिऊन गेलो, साल काढून आणली, काईलीत शिजवली. आन् घालायची कुणाच्या इंजिनात? दुसरा डायवर माज्यावर धावून आला असता. तुज्या बापाला इचारलं. म्हणला, "घाल. तू घातलंस म्हंजे बगायचं काय त्यात." — असा होता. पंदरा दिसांनी बायलर धुवायला उघडला. नळ्या काळ्या, गुळगुळीत, नव्या तव्यावाणी. बोटानं पुसला तर गाळ निघून आला! मला रडू फुटलं शिवपुत्रा, खोटं सांगत न्हाय. आयुष्यात पयल्यांदा काय तरी माजं म्हणून झालं होतं. लॅबचे सायेब होते तवा एक — नाव घेत न्हाय, बडती मिळून लई वर गेलेत — ते बगून चाट पडले. म्हणले, कल्लप्पा, पुढच्या धुण्याला मोठे सायेब मुंबईहून येणार, शुक्रवारी. त्यांच्यासमोर बायलर उघडू. चांगलं दाखव, वर तुजं नाव लिवतो. माजं नाव! चुना कालवणाऱ्या खलाशाचं नाव!

व्हय, सांगतो की. घाई हाय का तुला? बस कितीची हाय? सारखा खिसा काय चाचपतोस. — त्या बुदवारी मालगाडी होती. सकाळची साडेसातची येळ, थंडी. तुज्या बापाबरोबर फायरमन म्हणून भीमा होता, कॉलनीतला. दुधनीच्या अलीकडं चढ लागला, दाबून चालवली गाडी, काचेत पाणी भरपूर दिसतंय. इंजिनातली पाण्याची काच रं, बायलरमदी पाणी किती ते दाखवणारी. भरलेली. पण ते पाणी न्हवतं. फेस होता. चढ संपला, वाफ बंद केली तसा फेस बसला, आन् काचेतनं पाणी गायब. तुज्या बापानं लगेच बायलरमदी पाणी घ्यायची तोटी फिरवली. उशीर झाला होता. भट्टीच्या डोक्यावर शिशाची गुडदी, बूच म्हण, बसवलेली असती — वर पाणी असंल तवर शाबूत, पाणी सरलं की वितळती, आन् वरची वाफ धाडकन भट्टीत. भीमानं तेवढ्यात कोळसा मारायला भट्टीचं दार उघडलं होतं. कोपरापतूर दोन्ही हात गेले त्याचे. गेले म्हंजे आहेत, पण कातड्याचं नुसतं चिपाड. तुज्या बापानं त्याला खांद्यावर टाकून खाली उतरवला, मंग परत वर चढून भट्टीतली आग खाली पाडली. तुला ठाऊक हाय हे. मला कशाला सांगायला लावतोस?

आन् मंग इन्क्वायरी. डायवरनं पाणी पाडलं, म्हंजे बायलर कोरडा पडू दिला — दुसरा शब्दच न्हाय कुणाकडं. चांगल्या डायवरला त्यापेक्षा आईवरनं शिवी दिलेली चालती. इचारलं, काचेत पाणी दिसत होतं? दिसत होतं. मंग शिसं कसं वितळलं? तुजा बाप गप. पाण्यावर शंका हाय का तुमाला? गप. टेंडरवर तीन रेघा होत्या? होत्या. मंग? — गप! मला बोलवलं. मी रजिस्टर दाखवलं. नमुना तपासला, दवा टाकली, ब्लोडाऊन केला. सगळं लिवलेलं. माज्या हाताची सही. तुजा बाप माज्यापास्नं चार हातावर उभा होता, टोपी हातात घिऊन, आन् माज्याकडं बगितलंसुदा न्हाय. त्याच वर्सी मेलवर जाणार होता तो, नवा कोट शिवला होता. मेल राहिली, मालगाडीबी गेली. यार्डात शंटिंगला घातला. डबे हिकडनं ओढ, तिकडं ढकल. चार वर्सं, रिटायर हुईपतूर.

आन् तू म्हणतोस बोलाचाली कुणी बंद केली? — न्हाय म्हणालास, पण मनात हाय तुज्या, दिसतंय मला. बर, मीच केली. इन्क्वायरी झाल्यावर तो दारापतूर माज्या मागं आला, "कल्लप्पा" म्हणून हाक मारली, मी पाठ फिरवून चालू पडलो. पण मंग पुढं? त्यानं काय केलं ते इचार की! शंटिंगचं इंजिन बी पाण्याला हितंच यायचं, माज्यापुढं. रोज. मी तोंड दुसरीकडं करून दवा टाकायचो, तोटी उडवायचो, चुन्याची एकेक रेघ ओढायचो — एकेक, बोटानं, इबूत न्हाय. आन् तुजा बाप काय करायचा? वरनं खाली उतरायचा, वाकायचा, आन् तोटीखालच्या जमिनीकडं बगायचा. माज्याकडं न्हाय. जमिनीकडं. बगायचा आन् परत चढायचा. रोज! पावसात बी! चार वर्सं! खलाशी हसायचे मागनं. म्हंजे काय, ह्या कल्लप्पाचं तोंड बगण्यापेक्षा चिखूल बगितलेला बरा? एवढा राग असंल तर बोल की एकदा, शिव्या घाल, गचांडी धर. तसलं काय न्हाय. नुसतं उतरायचं, वाकायचं, बगायचं. माज्या थोरलीच्या लग्नाला पत्रिका दिली तर आला न्हाय. साडी पाटवली तुज्या आईच्या हातनं. ती साडी मी घरात दुसऱ्या कुणाला नेसू दिली न्हाय, तशीच पेटीत पडून हाय.

तोटी का उडवली न्हाय त्या दिवशी? — फेसाचं ऐकलंस, आता इचारशीलच. दुष्काळ होता, बाबा! कॉलनीच्या बाया पहाटंपास्नं घागरी घिऊन नळावर, एका घागरीवरनं केस धरून भांडायच्या, आन् मी त्यांच्या डोळ्यादेखत घागरीच्या घागरी उकळतं पाणी गटारात सोडायचं? हात धजत न्हवता. कुणाचा बी धजला नसता. म्हणलं एक दिस न्हाय उडवलं तर काय आभाळ कोसळतंय. — आन् रेघ? रेघ सवयीनं. आत्ताच सांगितलं न्हवं, त्याच्या इंजिनाला तीन बोटं एकदमच उटायची. पयली दोन कामं झाली हुती, बोटं बुडवली, ओढली. तिसरी रेघ सोबत आली. सवय! हाताची सवय. माणूस चुकत न्हाय का? एवढं लिवून दिऊ? देतो. दुष्काळ आन् सवय, लिव. एवढ्यावर सही करतो, जा.

...

तसं बगू नको माज्याकडं. तुज्या बापाचेच डोळे हायत. — बर. सवय न्हवती. ऐक, सा वर्सं कुणाला सांगितलं न्हाय, बायकोला न्हाय, देवाला न्हाय. तोटीच्या दांड्याला हात लावला होता मी. गार दांडा, डिसेंबरातली सकाळ. हात लावला आन् काढला. म्हणलं आज उडवली तर माजी सगळी साल गटारात जाईल. परवा शुक्रवार. बायलर उघडंल तवा नळ्या काळ्याकुट्ट दिसाय पायजेत, मोठ्या सायेबानं इचारलं पायजे हे कुणी केलं, आन् ह्या सायेबानं माज्याकडं बोट दाखवलं पायजे. आन् एक दिस न्हाय, शिवपुत्रा. शनिवारपास्नं. शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार, बुदवार — पाच दिस तोटी उडवली न्हाय मी, वरनं साल डबल घातली, आन् रोज तीन रेघा. बाटलीतलं पाणी गुलाबी नुसतं न्हवतं, रगतावाणी झालं होतं, बगितलं मी, आन् वतून टाकलं. बोटं सवयीनं उटली न्हाईत. मी उटवली. आन् तुजा बाप आला, टेंडरला हात लावला, कपाळाला लावला. मी बगत होतो. हितं उभा होतो, ह्याच जागी. "थांब" एवढा एक शब्द. न्हाय निघाला.

आन् कशासाठी? दुसऱ्या दिवशी लॅबच्या सायेबानं मला खोलीत घेतलं, दार लावलं, म्हणले तरवडाचं नाव तोंडातनं काढायचं न्हाय, तू बी जाशील आन् मीबी जाईन. काढलं न्हाय. दोन वर्सांनी दुसऱ्या कुठल्या शेडात त्यांनी तीच साल वापरून बगितली, इंग्रजीत कागद छापून आला. एका कारकुनानं वाचून दाखवला मला. तरवडाचं नाव होतं त्यात. माजं न्हवतं.

झालं? ऐकलंस? समाधान झालं? पण हे तोंडानं सांगितलं, लिवून देणार न्हाय. कुणाला सांगितलंस तर मी म्हणंन पोरगं खोटं बोलतंय. धाकटीचं लग्न राहिलंय माजं. काढ तो कागद. काढ म्हणतो! तुज्यादेखत फाडतो आन्—

हे काय?

हा कागद न्हाय. — इबूत? इबूतीची वडी? कुणी दिली? — आप्पानं? ...कदीपास्नं हाय अंथरुणाला? ...डॉक्टर काय म्हणतोय? ...आन् तू घटकाभर हितं बसून राहिलास आन् मला बोलू दिलंस व्हय रं? सांगायचं न्हाय आदी? — मी बोलू दिलं न्हाय. व्हय. मी बोलू दिलं न्हाय.

काय म्हणला म्हणतोस? परत सांग. हळू सांग. "जमीन कोरडी होती"? कुठली जमीन — तोटीखालची? त्या बुदवारी? ...त्यानं बगितली होती? त्याला ठाऊक होतं तोटी उडवली न्हाय? ...आरं मंग चढला कशाला! उतरायचं, माज्या थोबाडीत द्यायची, चढला कशाला? ..."कल्लप्पानं रेघ ओढलीय, म्हंजे त्याच्या मनात काय तरी असंल." असं म्हणला? ...आन् इन्क्वायरीत? इन्क्वायरीत का बोलला न्हाय? एका शब्दानं सुटला असता, भाईर मला काढलं असतं! ...व्हय. चार. चार पोरी होत्या माज्या. तवा चारी घरातच होत्या.

आन् मंग ते रोज उतरून खाली बगायचा ते? मला हिणवायला न्हाय? मंग कशाला? ...घरी यिऊन सांगायचा? आईला? काय सांगायचा? ..."आज ओली होती."

रोज? चार वर्सं, रोज?

...

न्हाय. मी येत न्हाय त्याला इबूत लावायला. जंगमाला बोलवा, तो लावंल. न्हायतर तू लाव, ल्योक हायस. मीच का? माज्याच हातानं का? ह्या बोटांनी? — ठिव ती वडी खिशात. ठिव! माज्या हातात दिऊ नको. तीन रेघा ओढायला सांगतोय मला, कपाळावर, आन् डोळं उघडं ठिवून बगणार माज्याकडं. न्हाय जमणार. सा वर्सं बगितलं न्हाय, आता बगणार. न्हाय.

ऊट आता. ते बग, शंटिंगचं इंजिन पाण्याला यायलंय. डायवर नवा हाय, त्याला रेघा मोजायला शिकवलंय मी. मला तोटी उडवायची हाय. सर बाजूला, तितं उभा राहू नको, भाजशील. चहा राहिला तुजा, राहू दे.

आप्पाला सांग — सांग, ड्युटीवर होता. न्हाय, तसं नको. सांग, शेडात गेलो होतो, सगळीकडं हुडकलं, कल्लप्पा भेटला न्हाय.

जा म्हणतो न्हवं. रूळ बगून वलांड.